अंड्यांचे ट्रे, फोम आणि खालच्या मजल्यावरचा मी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी ड्रम वाजवण्यासाठी लहानशी खोली 'साउंडप्रूफ' कशी करावी, यावर पानभर लेख आला आहे. भिंतींना फोमचे चौकोन चिकटवा, ते परवडत नसतील तर अंड्यांचे ट्रे लावा, खाली जाड गालिचा अंथरा, झालं, शेजारी खूश, असा त्याचा एकूण सूर. मी तो शेजारी आहे. म्हणजे त्या लेखातला नव्हे, पण तसलाच, आणि तोही नेमका खालच्या मजल्यावरचा. आमच्या वर हा प्रयोग जसाच्या तसा झाला होता आणि त्याच्याखाली मी चार महिने काढले आहेत.

पत्र लांबणार आहे. कात्री चालवायचीच असेल तर माझ्या नोकरीच्या आठवणींवर चालवा. दाराचा आणि आगीचा भाग तेवढा ठेवा.

मी चौतीस वर्षं कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. पंचिंग प्रेस, कॉम्प्रेसर, पंप हे सगळं धडधडणारं कुटुंब आमच्याकडे होतं. त्यामुळे आवाजाचा मला मुळात तिटकारा नाही. वरच्या मजल्यावर विशीतला एक मुलगा राहायला आला आणि संध्याकाळी डोक्यावर धप्, धप्, धप्-धप् सुरू झालं, तेव्हा पहिले आठ दिवस मी गप्प होतो. नवव्या दिवशी काचेच्या कपाटाचं दार त्या ठेक्यावर किणकिणायला लागलं. मग मात्र वर गेलो.

मुलगा सज्जन निघाला. "काका, आत या ना, बघा तरी मी काय काय केलंय," म्हणाला. खोली जेमतेम तीन मीटर बाय अडीच. तिन्ही भिंतींवर राखाडी फोमचे त्रिकोणी दातांचे चौकोन, चौथीवर अंड्यांचे ट्रे ओळीने खिळलेले, अगदी छतापर्यंत. त्याने मध्ये उभं राहून टाळी वाजवली. टाळी जणू कापसात पडली. "बघा, अजिबात घुमत नाही. तुम्हाला खाली येतोच कसा आवाज?" त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

साहेब, सगळी गफलत या टाळीत आहे आणि आपल्या लेखकाचीही तीच झाली आहे. खोलीतला आवाज घुमू न देणं हे एक काम आणि खोलीतला आवाज बाहेर जाऊ न देणं हे दुसरं. फोम पहिलं काम करतो. आवाजाची लाट त्याच्या छिद्रांत शिरते, हवा घासली जाते, थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि भिंतीवरून परत येणारा आवाज मंदावतो. दुसऱ्या कामाला वजन लागतं. फोमला वजन नाही, ट्रेला तर त्याहून नाही. फुंकर मारली तर पलीकडे जाते अशा वस्तूने आवाज अडत नसतो.

याचा अभ्यास शंभरहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातलं एक नवं व्याख्यानगृह इतकं घुमायचं की बोललेला शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ हवेत रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवली आणि किती उशा ठेवल्या की आवाज किती सेकंदांत विरतो हे घड्याळ लावून मोजलं. पहाटेच्या आत उशा परत जागेवर. खोल्यांच्या ध्वनीचं सगळं शास्त्र त्या उशांवर उभं राहिलं. पण सॅबिनचा प्रश्न आतल्या माणसाला शब्द नीट ऐकू यावा हा होता. बाहेरच्या माणसाला ऐकू येऊ नये हा नव्हता. आमच्या वरच्या पोराने सॅबिनचं औषध माझ्या दुखण्याला लावलं होतं.

त्यातही ड्रमची पंचाईत वेगळी. किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा मूळ सूर साधारण 50 ते 80 हर्ट्झच्या (सेकंदाला तितक्या कंपनांच्या) आसपास असतो. 60 हर्ट्झची लाट हवेत पावणेसहा मीटर लांब होते. खोलीच तीन मीटरची. त्या लाटेसमोर पाच सेंटिमीटरचा फोम म्हणजे पुरासमोर चाळणी धरल्यासारखं. तो फोम हजार हर्ट्झच्या वरचा आवाज बऱ्यापैकी खातो, त्यामुळे टाळी मरते, सिंबलची, म्हणजे धातूच्या थाळीची, झळाळी मरते, आणि माणसाला वाटतं काम झालं. खाली येतं ते नेमकं उरलेलं.

आता आग. 20 फेब्रुवारी 2003 रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, वेस्ट वॉरविक इथे, 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबात कार्यक्रम सुरू होताना मंचावर आतषबाजी झाली. ठिणग्या मंचामागच्या भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमवर पडल्या. काही मिनिटांत सगळी इमारत पेटली, 100 माणसं गेली. तो फोम तिथे का लावला होता? शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली म्हणून. हे मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो भिंतींकडे बघत राहिला. त्याच्या फोमला लागूनच अँप्लिफायर होता आणि त्यामागे चार वायरी खोचलेलं एक्स्टेन्शन. उघडा पॉलियुरेथेन फोम आणि कागदी ट्रे घरातल्या बंद खोलीत, एकाच दाराच्या खोलीत, लावा असं छापणं ही नुसती चूक नाही. हे आपण दुरुस्त करावं म्हणून तर पत्र लिहितोय.

माझ्या पहिल्या तक्रारीनंतर त्याने एक समजूतदारपणा केला आणि त्याने प्रकरण आणखी बिघडलं. चांगला ड्रमसेट बांधून ठेवला आणि इलेक्ट्रॉनिक सेट आणला. ड्रमच्या तोंडाला कातड्याऐवजी जाळीचे पडदे, कानाला हेडफोन. त्याच्या खोलीत उभं राहिलं तर काड्यांची टिकटिक फक्त ऐकू यायची. माझ्याकडे मात्र धप्पच्या जागी आता ठक् आलं. कोरडं, कडक, सुतारकाम चालल्यासारखं. आधी निदान त्यात संगीत होतं! कारण असं की पेडलची मोगरी पॅडवर आपटते, पॅडचा स्टँड जमिनीवर टेकलेला, जमीन म्हणजे माझं छत. आवाजाला हवेतून यायची गरजच उरली नाही. हवेतून येणारा आवाज आणि बांधकामातून येणारा दणका ही दोन जनावरं वेगळी आहेत. पहिल्याला वजनदार भिंत अडवते. दुसऱ्याला वजनदार स्लॅब हौसेने पोचवून देतो.

इथे मला माझा कारखाना आठवला. प्रेसखाली आम्ही रबरी माउंट घालायचो ते शेजारच्या खात्यातल्या मोजमापाच्या टेबलावर कंप जाऊ नये म्हणून. त्यातलं इंगित असं की माउंट वजनाखाली दबलं पाहिजे. दबलंच नाही तर ते रबर असून दगड. किती दबतं त्यावरून ते किती हर्ट्झला डोलेल ते ठरतं: मिलिमीटरमधल्या दबण्याचं वर्गमूळ काढा, त्याने 15.8 ला भागा. चार मिलिमीटर दबलं तर साधारण आठ हर्ट्झ. ज्या आवाजाला अडवायचं त्याच्या तुलनेत हा आकडा जितका खाली तितका फायदा. आणि दोन्ही आकडे जवळ आले तर कंप कमी व्हायच्याऐवजी वाढतो. जाड गालिचा किंवा जिममधल्या काळ्या रबरी लाद्या ड्रमखाली घालून लोक निर्धास्त होतात. त्या लाद्या ड्रमच्या वजनाने केसभर दबतात आणि खालच्या माणसाला विशेष फरक पडत नाही.

ड्रम वाजवणाऱ्या मंडळींत एक युक्ती चालते, टेनिसच्या चेंडूंवरचा मंच. त्या मुलाने ती मोबाइलवर दाखवली तेव्हा मी हसलो. मग एक चेंडू घरी नेला, दोन फळ्यांच्या मध्ये ठेवला, वर आठ किलोचं वजन ठेवलं आणि पट्टीने मोजलं. सहा मिलिमीटरहून थोडा जास्तच दबला. (टेनिसच्या नियमांतही चेंडू किती दबावा हे बांधून दिलेलं आहे, साधारण तेवढंच आहे ते.) म्हणजे हिशेबाने सहा-साडेसहा हर्ट्झ. आत हवा असल्याने प्रत्यक्षात चेंडू जरा ताठ वागतो, तरी किकच्या 60 पासून लांबच. हसणं थांबवलं आणि कागद घेऊन बसलो.

वरचा मंच दोन मीटर बाय दीड, 18 मिलिमीटर एमडीएफच्या दोन फळ्या एकावर एक, म्हणजे ऐंशी किलोच्या घरात. सेट पंचेचाळीस, मुलगा पासष्ट, स्टूल आणि किरकोळ दहा. दोनशे किलो भागिले आठ, पंचवीस चेंडू. पाच बाय पाच. खालच्या फळीला होल सॉने भोकं पाडली, चेंडू त्यात अर्धवट बसवले म्हणजे घरंगळत नाहीत, वर मंच ठेवला. दोघांनी मिळून एका रविवारी केलं. बसला वाजवायला, मी खाली धावलो. ठक् होतंच. जरा बुजलेलं, पण होतं.

मशीनच्या बेअरिंगचा आवाज ऐकायला आम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हर वापरायचो. टोक बेअरिंगच्या घरावर, मूठ कानाच्या हाडावर. वर जाऊन मंचाभोवती चारी बाजूंनी जमिनीवर टोक टेकवत ऐकत गेलो. मुलगा वाजवतोय आणि मी गुडघ्यांवर. त्याच्या आईने दारातून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेली. स्टुलाच्या बाजूला दणका स्पष्ट लागला. वाकून बघितलं तर तिकडचे चेंडू पार चपटे, आणि मंचाची कड जवळजवळ खालच्या फळीला टेकलेली. चूक माझी होती. वजन काही सगळीकडे सारखं नव्हतं, मुलगा आणि स्टूल मिळून सगळा भार एका कडेला. मी पंचवीस चेंडू शाळेतल्या कवायतीसारखे उभे केले होते. तिकडे सहा चेंडू वाढवले, पुढच्या बाजूचे तीन काढले.

तरीही एक ठिपका बोलत होता. तो उत्तरेच्या भिंतीकडे सापडला. मंचाचा एक कोपरा भिंतीच्या प्लास्टरला नखभर टेकला होता. बस, तेवढ्यावरून सगळा दणका भिंतीत जात होता. मंच दोन बोटं सरकवला. तेव्हापासून त्या मुलाकडे एक पोस्टकार्ड आहे. वाजवायला बसण्यापूर्वी ते मंच आणि भिंत यांच्यामधून चारी बाजूंनी फिरवायचं, अडलं की सरकवायचं. त्या संध्याकाळी माझ्या कपाटाची काच पहिल्यांदा गप्प राहिली.

चेंडूंना आयुष्य असतं हे आधीच सांगून ठेवतो. आतली हवा हळूहळू जाते. आत दाब नसलेले चेंडूही मिळतात, ते जास्त टिकतात, पण आधी एक दाबून मोजावा.

दणका गेला तसा त्याला धीर आला आणि बांधून ठेवलेला खरा सेट परत मंचावर चढला. आता प्रश्न हवेतून जाणाऱ्या आवाजाचा, आणि तोही माझ्यापेक्षा जास्त शेजारच्या घराचा. खरा सेट जोरात वाजवला की वाजवणाऱ्याच्या कानाशी 100 ते 110 डेसिबल सहज होतात. मधली भिंत प्लास्टर केलेली अर्ध्या विटेची. अशी भिंत साधारण 45 डेसिबल अडवते, खालच्या सुरांना बरीच कमी. म्हणजे पलीकडे पंचावन्न ते पासष्ट उरले, कोणी शेजारी बसून बोलावं तेवढे. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर कागदावर सहा डेसिबल मिळतात, प्रत्यक्षात पाच. आणि आवाज कानाला निम्मा वाटायला दहा लागतात. नुसता भिंतीवर भिंत चढवण्याचा धंदा म्हणूनच तोट्याचा.

पण भिंतीच्या आधी दार. दाराबद्दल तुमच्या लेखात एक ओळसुद्धा नाही! त्याचं दार 90 सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर उंच, म्हणजे अठरा हजार चौरस सेंटिमीटर. खाली एक सेंटिमीटरची फट, म्हणजे 90 चौरस सेंटिमीटर. अर्धा टक्का. आता समजा दार पोलादाचं, तिजोरीचं लावलं. त्या अर्ध्या टक्क्यातून जे जातं तेच इतकं असतं की अख्ख्या दाराची अडवण 23 डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. पाणी जिथून झिरपतं तिथून आवाज जातो, हे फिटरला शिकवावं लागत नाही. त्याचं दार तर आतून पोकळ होतं, बोटाने टकटक केलं तर डब्यासारखं वाजायचं.

भरीव लाकडाचं जड दार लावलं, चौकटीला तिन्ही बाजूंनी दबणाऱ्या रबरी पट्ट्या, खाली दार मिटताना आपोआप उतरून उंबरठ्यावर बसणारी पट्टी. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये सुताराने लाकडी पट्टी मारून झाकलेली पोकळी होती. पट्टी काढली तर आत हात जाईल एवढी जागा, दोन ठिकाणी पलीकडचा उजेड दिसत होता. ती आधी सिमेंटने भरली आणि कडा न सुकणाऱ्या सिलंटने बंद केल्या. सगळं झाल्यावर रात्री खोलीतला दिवा लावून बाहेर अंधारात उभं राहायचं. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून आवाज. बिजागरीच्या बाजूला एक रेघ दिसली, पट्टी तिथे दबतच नव्हती, बिजागऱ्या सरकवून परत बसवल्या. शेजारच्या घरात सगळ्यात मोठा फरक पडला तो या दाराने. भिंतीला अजून हातही लावला नव्हता आणि सगळे भिंतीलाच दोष देत होते. आवाज दारातून निघून जिन्याच्या बाजूने वळसा घालून शेजारच्यांच्या दारातून आत जात होता.

भिंतीचं काम करायला एक कंत्राटदार आला होता. विटेच्या भिंतीवर एक इंचाच्या पट्ट्या ठोकतो, त्यावर जिप्सम बोर्डचा एक थर, आत फोम, असं त्याचं म्हणणं. मी नको म्हटलं. दोन जड थरांच्या मध्ये कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि कुठल्या तरी एका सुराला ती सगळी रचना मिळून डोलायला लागते. त्या सुराला नवी भिंत जुन्यापेक्षा वाईट. एक इंच पोकळी आणि एकच बोर्ड असला तर तो सूर 120 हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे बरोबर ड्रमच्या पोटात. पोकळी दहा सेंटिमीटर केली आणि बोर्डचे दोन थर घेतले तर तो 45 च्या खाली उतरतो. तसंच केलं. चौकट विटेच्या भिंतीपासून सुटी, खाली-वर रबरावर, पोकळीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर), बोर्डचे सांधे एकावर एक येणार नाहीत असे. कंत्राटदाराच्या माणसाने एका ठिकाणी लांब स्क्रू वापरला आणि तो थेट विटेत गेला. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून तो मी शोधला. त्याला ते पटलं नाही, पण काढला.

पुरतं काम हवं असेल तर खोलीत खोली करावी लागते, तरंगती जमीन, सुट्या भिंती, सुटं छत, कुठेही जुन्या बांधकामाला कडक सांधा नाही. आम्ही केली नाही. तीन बाय अडीचच्या खोलीच्या भिंती आणि छत दुहेरी बोर्डाने मढवायचे तर नुसत्या बोर्डाचं वजन सातशे किलोच्या वर जातं आणि ते माझ्या डोक्यावर. बांधकाम इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय हा उद्योग कोणी करू नये. शिवाय तीन बाय अडीचमधून चारी बाजूंनी पंधरा-पंधरा सेंटिमीटर गेले की ड्रम ठेवायचे कुठे?

दार इतकं छान बसलं की नवीन संकट उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी मुलगा चाळीस मिनिटं वाजवून बाहेर आला तो घामाने निथळत, डोकं धरून. "काका, आत गुदमरायला होतं." बरोबरच आहे. खोलीत अठरा-एकोणीस घनमीटर हवा, सगळ्या फटी आम्हीच बुजवलेल्या, आणि आत धावण्याइतकी मेहनत करणारा माणूस. अंदाजे हिशेब केला तर तासाभरात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट होतो. मग त्याने जे कोणीही करील ते केलं, दार उघडं ठेवून वाजवायला लागला. झालं, सगळं मुसळ केरात! हवेसाठी शेवटी लाकडी पेटी केली, आत नागमोडी वाट, वाटेच्या भिंतींना रॉकवूल आणि त्यावर कापड. एक हवा आत घ्यायला, एक बाहेर टाकायला, पंखा रबरावर टांगलेला. हवा वळणं घेत जाते, आवाज वळणावळणावर मरत जातो. खोली हवाबंद करण्यापूर्वी हवेची पेटी आखावी, आम्ही उलट्या क्रमाने केलं आणि नव्या बोर्डाला भोकं पाडावी लागली.

त्या मुलाच्या कानांचं काय, हेही तुमच्या लेखात नाही. 85 डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, असा अमेरिकेतल्या कामगार आरोग्याच्या संस्थेचा सल्ला आहे. त्या हिशेबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. लहान खोलीत तर भिंतींवरून परत येणारा आवाज भर घालतो. इथे मात्र आवाज शोषणारं अस्तर खरोखर कामाचं, आणि त्याने ते परत लावलं: जाड रॉकवूलचे कापडात गुंडाळलेले तक्ते, न जळणारे. ते शेजाऱ्यासाठी नाहीत, वाजवणाऱ्यासाठी आहेत, एवढं कळलं की पुरे. कानात बोळेही घालतो. माझं ऐकूनच घालतो असं मला वाटतं. कारखान्यात मी घातले नाहीत, आणि आता माझ्याशी बोलणाऱ्याला माझ्या उजव्या बाजूला बसावं लागतं. माझा डावा कान प्रेसने नेला.

(वाचक म्हणतील, मग या बहिऱ्याला ड्रमचा त्रास कसला? जे गेलं ते उंच सुरांचं. 60 हर्ट्झ मला उत्तम ऐकू येतात, छातीतून.)

आज स्थिती अशी. दणका नाही. स्नेअर (कडाडणारा छोटा ड्रम) आणि सिंबल माझ्याकडे अजिबात येत नाहीत, शेजारी म्हणतात लक्ष दिलं तर कळतं. किक येते, लांबच्या खोलीत कोणी गादी झटकतंय तेवढी. मोबाइलमधल्या मीटरवर भरवसा ठेवू नका. तो बहुधा माणसाच्या कानाच्या मापाने आकडा दाखवतो आणि त्या मापात 63 हर्ट्झच्या आवाजातून 26 डेसिबल वजा होतात. मुलगा मला मीटर दाखवून म्हणायचा, "काका, छत्तीसच आहे." आणि माझी काच किणकिणत असायची. मी म्हणायचो, काच खोटं बोलत नाही.

रात्री साडेआठनंतर खरा सेट बंद, हे आम्ही बोलून ठरवलं. त्यानंतर वाजवायचं असेल तर भोकं पाडलेल्या हलक्या आवाजाच्या सिंबल्स आणि जाळीचे पडदे, तेही त्याच मंचावर. किकच्या आत एक जुनी रजाई घडी करून ठेवली आहे, पडद्याला टेकलेली. तो म्हणतो तिने सूरही सुधारला. मला सुरातलं कळत नाही. त्याचा एक रोल आहे, डावीकडून उजवीकडे जाणारा, दोन महिने तो टॉम नावाच्या मधल्या ड्रमवर अडखळत होता. परवा नाही अडखळला. मी वर हवेच्या पेटीची जाळी साफ करायला गेलो होतो तेव्हा ऐकला.

तरी आपल्याला विनंती की येत्या रविवारी निदान चार ओळींची दुरुस्ती छापावी. फोम आणि ट्रे शेजाऱ्यापर्यंत जाणारा आवाज अडवत नाहीत, आणि उघडा फोम व कागदी ट्रे भिंतीभर लावणं धोक्याचं आहे. बाकी चेंडूंचं वगैरे नाही छापलंत तरी चालेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त मेंटेनन्स फिटर
(नाव छापू नये. वरच्या मुलाने कच्चं पत्र वाचलं आहे, त्याची हरकत नाही.)

ता. क. काढलेले अंड्यांचे एकशे चाळीस ट्रे माझ्या गच्चीच्या कोपऱ्यात दोरीने बांधून ठेवले आहेत. खिळ्यांची भोकं आहेत, बाकी धड आहेत. बी पेरून रोपं करायला कोणाला हवे असतील तर आपल्या कार्यालयाकडे पोचवण्याची माझी तयारी आहे.